कणगी गेली, मांजर राहिलं

मंडळी, गोराईत चार दिवस पाऊस धरून आहे. वरच्या तुकड्यातली लावणी आटपली, खालच्या तुकड्यात गुडघाभर पाणी. ते उतरेपर्यंत हात मोकळे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मागे एकाने विचारलं होतं की तुमच्या शेताच्या प्रत्येक फोटोत कुठे ना कुठे मांजर कसं काय दिसतं? बांधावर मांजर, पंपाच्या खोलीवर मांजर, एकदा तर मुळ्याच्या जुड्यांच्या ढिगावर बसलेलं.

आमच्या घरात मांजर नव्हतं असा एकही दिवस मला आठवत नाही. पण ‘पाळलंय’ असं कोणी कधी म्हटलं नाही. बाबांच्या हिशेबात बैल, कोयता, मांजर सगळं एकाच रांगेत. भात कणगीत असायचं. बांबूची, शेणाने लिंपलेली, मधल्या खोलीत ठेवलेली कणगी. उंदीर एकदा खालून शिरला की कोंड्याचा ढीग दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून मांजर. त्याला मिळायची बोंबलाची डोकी आणि उरलेला भात. दूध नाही, कारण दूध प्यालेलं मांजर उंदीर धरत नाही, असं आईचं ठाम मत. नावंही नाहीत. मादी असेल तर मनी, नर असेल तर बोका. एक गेली की पुढची मनी. गावात बोंबील वाळत घातलेले, त्यामुळे मांजरांचा तुटवडा कधीच नव्हता.

आजीचा मात्र धाक होता. मांजर सटवाईचं वाहन. हातून मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. आमच्याकडे सोनं होतं कुठे? त्यामुळे आम्ही पोरं मांजराला दगड मारायलाही घाबरायचो. मांजर आडवं गेलं तर थांबायचं, हा नियम मात्र घरात कोणी पाळला नाही. पाळला असता तर एकही दिवस शेतावर पोचलो नसतो.

पुढे वाचनात आलं की सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलंय, त्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेलं. म्हणजे इजिप्तच्याही कितीतरी आधी. माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. त्याला दावं लावून कोणी आणलं नाही, आपलं आपण आलं. आमच्या कणगीची गोष्ट तीच, फक्त गव्हा-जवाच्या जागी भात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा आमच्या शेतातली बिळं बुडाली आणि सगळे उंदीर वस्तीत आले. त्या आठवड्यात घरातल्या दोन मांजरांनी किती धरले, मोजायचं सोडून दिलं. पण एक सांगतो, मांजर आहे म्हणून लेप्टोची भीती जात नाही. तो रोग उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. चिखलात उतरणाऱ्याने गमबूट घालावेत, भेगा असतील तर पट्टी लावावी, ताप आला तर दुखणं अंगावर काढू नये.

मग कणगी गेली. भात झोडलं की सरळ गिरणीत, तांदूळ झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात. पिंपाला उंदराचे दात लागत नाहीत. आई म्हणाली, आता मांजरांचं काय काम? मी म्हटलं, राहू दे, शेतात घुशी आहेत. आता हे काही खरं नव्हतं, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं. किलोभराची घूस समोर आली की आमची मांजरं दुसरीकडे बघतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अभ्यासकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून एका ठिकाणचे उंदीर आणि मांजरं पाहिली, त्या सगळ्या काळात मांजरांनी मोठे उंदीर मारले दोन. लहान उंदीर, चिचुंद्र्या, पाली, पाखरं यांच्यावर मात्र जोर. तरी मी घुशीचं कारण पुढे करत राहिलो.

तेव्हाची मनी म्हणजे कबरी. काळी, पांढरी, नारिंगी असे तीन रंग. तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं, कारण नारिंगी रंगाचा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. ही पहाटे माझ्यामागे शेतावर यायची आणि बांधावर बसून राहायची. काम काही नाही, नुसती देखरेख. मुकादम म्हणा हवं तर.

२०१९ चं भात कोकणपट्टीतला कोणी विसरणार नाही. क्यार आणि महा, लागोपाठ दोन वादळं अरबी समुद्रात आणि कापणीला पाऊस. उघडीप मिळाली तेवढ्यात आम्ही अर्धा तुकडा कापला होता. कापलेलं भात पसरलेलं, आभाळ भरून आलेलं, आणि कबरी पंपाच्या खोलीत पडलेली. हिरड्या पांढऱ्या फटक, नाकातून रक्त. शेजारच्या वाडीत घुशींसाठी विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. ते खाल्लेला उंदीर तिने खाल्ला असणार.

माणसांना म्हटलं, भारे बांधा, जेवढं जमेल तेवढं आत घ्या. आईने विचारलं, कुठे चाललास? म्हटलं, बियाणं बघायला. कापणीच्या दिवशी! भाजीच्या पाटीत कबरी, वर गोणपाट. खाडी ओलांडून बोरिवली स्टेशन, तिथून लोकलच्या मालडब्यात. तिथे एका मावशीने गोणपाट उचलून बघितलं आणि स्वतःची टोपली सरकवून जागा केली. विचारलं काहीच नाही. प्रभादेवीला उतरून परळचं बैलघोडा हॉस्पिटल. वाटेत खाडीवरच पावसाचे थेंब सुरू झाले होते. वर्षभराचं भात शेतात भिजतंय आणि आपण मांजर घेऊन बोटीत बसलोय, हे तेव्हा लख्ख कळलं. आणि परत फिरावंसं एकदाही वाटलं नाही. तेवढ्यात घुशीचं कारण निकालात निघालं.

त्या वड्यांमधलं औषध जीवनसत्त्व ‘के’चं काम बंद पाडतं, म्हणून रक्त गोठत नाही. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात. उतारा म्हणजे तेच जीवनसत्त्व, आधी इंजेक्शन, मग तीन-चार आठवडे गोळ्या. तुमच्या जनावराने असलं काही खाल्ल्याची शंका जरी आली तरी रक्त दिसायची वाट बघू नका. आणि घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला कधीच देऊ नका, तिच्यासाठी ते विषच आहे.

भात बऱ्यापैकी भिजलं. त्या वर्षीचा तांदूळ काळपट निघाला, घरीच खाल्ला. कबरी वाचली. घरी आणली तेव्हा आई काही बोलली नाही. संध्याकाळी बघतो तर कबरीसमोर वाटी आणि वाटीत दूध. (मोठ्या मांजराला दूध पचत नाही हे मी नंतर सांगितलं. ऐकतंय कोण.)

शेजाऱ्याशी भांडलो नाही, त्याचंही पीक होतं. दोघांनी मिळून सापळे आणले, बांध छाटून बारीक केले. रुंद बांधात घूस आरामात बिळं करते, बारीक बांधात तिला जागा पुरत नाही. रात्री घुबडांना बसायला शेतात उंच काठ्या रोवल्या, वर आडवी दांडी. घुशी संपल्या नाहीत, पण दोन्ही वाड्यांत वड्या परत आल्या नाहीत.

कबरी आता म्हातारी झालीय. दोन सुळे गेलेत, बोंबील कुस्करून द्यावा लागतो. तिची नात वयात आलीय. मांजरं वाढली की पाखरांची चटणी होते, ते मला पटत नाही. महापालिका २०१९ पासून भटक्या मांजरांचीही नसबंदी करते, पण आमची घरची, म्हणून खर्च आपलाच. शनिवारी नेईन म्हणतो. पाटी धुऊन पडवीत टांगलीय, पण या पावसात ती वाळेल तर शपथ.