विचारलें कोणास?

गांधीनगरच्या पेठेंत कापड घेण्यास सारें कोल्हापूर जातें. सण तोंडावर आला म्हणजे आम्हीही जातों. घासाघीस करावी, पिशव्या भराव्या आणि घरीं परतावें, यापलीकडे त्या पेठेशीं आमचा पुष्कळ वर्षें संबंध नव्हता. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं ती वसविली, हें ठाऊक होतें. परंतु त्यांच्याही आधीं त्याच जागीं, वळिवडें स्थानकाजवळ, बराकींची एक वसाहत होती आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत तींत सुमारें ५,००० पोलिश माणसें, बहुतेक बायका आणि मुलें, राहत होतीं, हें आम्हांस फार उशिरां कळलें. तें जर आधीं कळलें असतें, तर २००३ सालीं रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्हीं जीं व्याख्यानें झोडलीं त्यांतील निम्मीं तरी झोडलीं नसतीं, असें आतां वाटतें. त्या व्याख्यानांची ही कबुली आहे.

२००३ च्या आरंभीं जगांत एकच चर्चा होती. इराकजवळ भयंकर संहारक शस्त्रें आहेत, तेव्हां त्या देशावर चाल करून जावें, असें अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांचें म्हणणें. आणि तपासनीसांना आपलें काम पुरें करूं द्यावें, युद्ध हा शेवटचा उपाय, असें फ्रान्स व जर्मनी यांचें म्हणणें. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनीं या दोन राष्ट्रांस ‘जुना यूरोप’ म्हणून हिणविलें. १४ फेब्रुवारीस फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री द व्हिल्पँ सुरक्षा समितींत बोलले, तेव्हां जेथें टाळ्या वाजविण्याचा रिवाज नाहीं त्या सभागृहांत टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशीं लंडन, रोम, माद्रिद येथील रस्ते माणसांनीं फुलून गेले. इंग्लंडचें सरकार अमेरिकेबरोबर जाण्यास निघालें, तेव्हां त्यांतील रॉबिन कुक यांनीं १७ मार्च रोजीं मंत्रिपद सोडलें. तिकडे वॉशिंग्टनमध्यें रागाच्या भरांत प्रतिनिधिगृहाच्या उपाहारगृहांतील तळलेल्या बटाट्यांच्या नांवांतून ‘फ्रेंच’ हा शब्द काढून तेथें ‘फ्रीडम’ घातला गेला. बटाट्याचा यांत काय अपराध, हें कोणीं सांगावें? उद्यां कोणी रागावून आमच्या मिसळीपुढचें ‘कोल्हापुरी’ काढलें, तरी ती कांहीं कमी तिखट लागणार नाहीं.

आम्ही अर्थात् फ्रान्सच्या बाजूचे होतों. नुसते बाजूचे नव्हे, टाळ्या वाजविणारे होतों. बरोबरच्या मंडळींस आम्ही सांगत असूं कीं, मित्राला ‘नाहीं’ म्हणण्याची ही परंपरा जुनी आहे. १९५६ सालीं सुवेझच्या कालव्यासाठीं इंग्लंड आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले, तेव्हां त्यांस माघार घ्यावयास लावणारे अमेरिकेचेच अध्यक्ष आयझेनहॉवर होते. पुढें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेस मित्रांचें सैन्य हवें होतें; इंग्लंडचे पंतप्रधान विल्सन यांनीं तें दिलें नाहीं, आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनीं १९६६ सालीं कंबोडियाच्या राजधानींत उभे राहून त्या युद्धाचा उघड निषेध केला. आणि हे कांहीं शत्रु नव्हेत. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेवर हल्ला झाला, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं, एकावरील हल्ला तो सर्वांवरील हल्ला, हें आपल्या करारांतील कलम पुढें करून तिच्या पाठीशीं उभीं राहिलेलीं राष्ट्रें तीं हींच.

आमच्या श्रोत्यांत शिरोळ तालुक्यांतील सैनिक टाकळीचे एक निवृत्त सुभेदार असत. त्या गांवांत घरागणिक शिपाई निघतो, म्हणून तर गांवाच्या नांवाआधीं ‘सैनिक’ हा शब्द बसला. सुभेदारांचा मुलगा तेव्हां मराठा पलटणींत नोकरीस होता. आमचें व्याख्यान ते मुकाट्यानें ऐकून घेत. एके दिवशीं मात्र ते म्हणाले, “मास्तर, फ्रान्स काय म्हणतंय ते ऱ्हाऊ द्या. आमचा आज्जा बसऱ्याला गेला तवा त्याला कुणी इचारलं हुतं?”

बसरा म्हणजे इराकच. त्या देशाची ओळख आमच्या मुलुखास वर्तमानपत्रांनीं करून दिलेली नाहीं. ती घरांतल्या रिकाम्या पाटानें करून दिली आहे. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिशांनीं तेथें जें सैन्य उतरविलें, त्यांत पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तींत मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या तीन पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर तिचा जोर खचला आणि डिसेंबर १९१५ मध्यें ती कुत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडली. १४७ दिवस वेढा चालला. अन्न सरलें, तेव्हां घोडे मारून खावयाची पाळी आली, आणि पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्माच्या भीतीनें तें मांस बरेच दिवस तोंडांत घातलें नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसें तुर्कांस शरण गेलीं, आणि वाळवंटांतून चालतांना व पुढें कैदेंत त्यांतील हजारों मेलीं. सुभेदारांचे आजे त्यांतच गेले. घरीं पदक आलें.

‘विचारलें कोणास?’ हा प्रश्न महाराष्ट्रानें पुढें मोठ्यानें विचारला. जून १९१८ मध्यें मुंबईस युद्धपरिषद भरली. सरकारास माणसें हवीं होतीं. टिळक बोलावयास उभे राहिले, आणि माणसें हवीं तर हक्कांचेंही बोला, असा त्यांचा रोख दिसतांच गव्हर्नर विलिंग्डन यांनीं त्यांस अडविलें. टिळक सभा सोडून निघून गेले. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत उतरल्याचें परस्पर जाहीर केलें, तेव्हां प्रांतोप्रांतींच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. मुंबईचें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळही त्यांत होतें. सुभेदारांच्या एका वाक्यांत हा सारा इतिहास होता, आणि आम्हांस तर तो आयताच मिळाला. फ्रान्सचा प्रश्न तोच आमचा प्रश्न, असें आम्ही अधिकच जोरानें सांगूं लागलों. फ्रान्सचें राहूं द्या, हा त्यांच्या वाक्याचा पहिला भाग आम्ही सोयीनें विसरलों.

एक गोष्ट मात्र या मांडणींत बसत नव्हती. ३० जानेवारीस यूरोपांतील आठ राष्ट्रांच्या प्रमुखांनीं अमेरिकेस पाठिंबा देणारें पत्र छापलें होतें, आणि त्यांत पोलंडचे पंतप्रधान मिलर यांची सही होती. मार्चमध्यें युद्ध सुरू झालें तेव्हां पोलंडचे सुमारें २०० सैनिक त्यांत होते. सप्टेंबरांत तर इराकच्या दक्षिण-मध्य भागांतील अनेक राष्ट्रांच्या तुकड्यांचें नेतृत्व पोलंडकडे आलें. ज्यांनीं युद्धानें एवढें सोसलें, त्यांनींच युद्धास होकार द्यावा, हें पाहून आम्हीं त्यांस लाचार म्हटलें. रंकाळ्यावर तो शब्द खपून गेला.

पुढें कांहीं वर्षांनीं महावीर उद्यानांतील पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आम्हीं प्रथमच थांबून पाहिला. त्यापूर्वीं शंभरदां त्यावरून गेलों असूं. तेथून वळिवड्याची हकीकत शोधीत गेलों, आणि आमच्या त्या शब्दाची आम्हांस लाज वाटूं लागली.

३ सप्टेंबर १९३९ हा दिवस आम्हांस ठाऊक तो आपल्याला न विचारल्याचा दिवस म्हणून. त्याच दिवशीं इंग्लंड व फ्रान्स यांनीं युद्ध पुकारलें तें पोलंडसाठीं. परंतु पुकारण्यापलीकडे पोलंडच्या पदरांत फारसें कांहीं पडलें नाहीं. पश्चिमेकडून जर्मन आलेच होते. १७ सप्टेंबरास पूर्वेकडून रशियन आले. १९४० पासून पूर्व पोलंडांतील कुटुंबेंच्या कुटुंबें मालगाड्यांत कोंबून सैबेरियांत व कझाकस्तानांत नेण्यांत आलीं. हिटलर रशियावर उलटल्यावर १९४१ सालीं त्यांस सुटकेची वाट मिळाली, आणि उपाशी, आजारी अशीं हजारों माणसें १९४२ मध्यें इराणांत पोंचलीं. त्यांतील पुरुष जनरल आंडर्स यांच्या सैन्यांत गेले. तें सैन्य कांहीं काळ इराकांतच तयार होत होतें. बायकामुलांतील कांहीं वळिवड्यास आलीं. येथें त्यांनीं शाळा चालविल्या, प्रार्थना केल्या, आणि मुलें पंचगंगेंत पोहावयास शिकलीं. मे १९४४ मध्यें आंडर्स यांच्या सैन्यानें इटलींत मोंते कासिनोचा डोंगर घेतला. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनीं पोलंडची पूर्व सीमा ठरविली. त्या बैठकींत पोलंडचा एकही माणूस नव्हता. वळिवड्यांतील बहुतेकांचीं घरें ज्या मुलुखांत होतीं, तो मुलुख रशियाकडे गेला. आपलें गांव आतां आपल्या देशांत राहिलें नाहीं, ही बातमी त्या बायामाणसांस आमच्या कोल्हापुराजवळच्या बराकींत कळली.

असें ज्या राष्ट्रानें पाहिलें, त्याच्या मनांत काय राहील? मोठा मित्र मर्यादा सोडील, ही फ्रान्सची भीति. मोठा मित्र वेळेवर येणारच नाहीं, ही पोलंडची भीति. १९९९ सालीं पोलंडनें नाटोंत प्रवेश केला तो या भीतीपोटींच. उद्यां अमेरिकेनें आपल्यासाठीं यावें म्हणून आज आपण तिच्यासाठीं जावें, हा हिशेब चुकला असेल. पण त्यास लाचारी म्हणणें हा अन्याय होता. तो आम्हीं एकट्यांनींच केला असें नाहीं. १७ फेब्रुवारीस फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनीं, अमेरिकेची बाजू घेणाऱ्या पूर्व यूरोपांतील राष्ट्रांनीं गप्प बसण्याची चांगली संधि दवडली, अशा अर्थाचे उद्गार काढले. अमेरिकेपुढें आपलें मत मांडण्याचा हक्क मागणारा गृहस्थ आपल्याहून लहान राष्ट्रांस गप्प बसा म्हणून सांगतो, आणि आम्ही मात्र त्याच्याच देशासाठीं टाळ्या वाजवीत होतों! विलिंग्डनसाहेबांनीं टिळकांस याहून निराळें काय सांगितलें होतें?

यावरून दोन्ही बाजू सारख्याच, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. ज्या शस्त्रांसाठीं युद्ध झालें तीं इराकांत सांपडलीं नाहींत. अमेरिकेनेंच नेमलेल्या तपासमंडळानें २००४ सालीं तसा अहवाल दिला. ‘नाहीं’ म्हणणाऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें. मेले ते बहुतांशीं इराकी, आणि त्यांना तर कोणींच कांहीं विचारलें नव्हतें. ना अमेरिकेनें, ना फ्रान्सनें, ना त्यांच्यावर राज्य करणाऱ्या सद्दाम हुसेननें. आमच्या व्याख्यानांतही त्यांचें नांव फारसें येत नसे.

आमच्या देशानेंही या वादांत आपलें उत्तर दिलें. एप्रिल २००३ मध्यें लोकसभेनें या युद्धाविरुद्ध एकमतानें ठराव केला. इंग्रजींत सौम्य शब्द घालावा कीं कडक, यावर पुष्कळ खल झाला, आणि शेवटीं हिंदींतील ‘निंदा’ या शब्दानें तो पेंच सुटला. पुढें अमेरिकेनें इराकांतील बंदोबस्तासाठीं सुमारें १७,००० भारतीय सैनिक मागितले. वाजपेयींच्या सरकारनें कित्येक आठवडे विचार केला, आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याखेरीज सैन्य धाडतां येत नाहीं, असें उत्तर १४ जुलै रोजीं दिलें.

ती बातमी घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशीं मोठ्या उत्साहानें सैनिक टाकळीस गेलों होतों. पोरगा वांचला, असें कांहींतरी बोललों. सुभेदारांनीं आम्हांस बसावयास घोंगडें टाकलें आणि म्हणाले, “पोरगं हुकमाचं हाय, मास्तर. जा म्हटलं असतं तर गेलं असतं, आन् मी अडवलं नसतं. पर धाडायच्या आदी कुणीतरी बसून इचार केला, ह्ये बरं झालं. आज्जाच्या वक्ताला त्येवढं बी नव्हतं.”

भिंतीवर तें पदक होतें. आंतून चहा आला. तो पितांना आमच्या ध्यानांत आलें कीं, इतके महिने आम्ही या गृहस्थास फ्रान्सचें मत सांगितलें, अमेरिकेचें सांगितलें, आमचें तर रोजच सांगितलें. पण ज्याच्या घरांतून एक माणूस त्या वाळवंटांत जाऊन परत आला नव्हता आणि दुसरा जाण्याचा संभव होता, त्या सुभेदारांस, तुम्हांला काय वाटतें, असें आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें. कप खालीं ठेवून विचारावें असें मनांत आलें होतें. तेवढ्यांत कोल्हापूरची गाडी सुटण्याची वेळ झाली, आणि त्या दिवशींही तें राहून गेलें.