नाव न विचारता

मराठी शिकवणाऱ्याने संगणकाच्या वाटेला का जावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण भिवपुरी रोडला उतरणाऱ्या गाडीत भावी अभियंते शेजारी बसतात, आणि त्यांच्या चर्चेतले काही मनात घर करते.

'अँट' हे जावा प्रणालींची बांधणी करणारे साधन २००० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्यात आपण स्वतः घडवलेल्या प्रकाराच्या पोटात दुसरा प्रकार ठेवता येतो. मात्र बाहेरच्या प्रकारापाशी आतल्याच्या नावाचे दार हवे. 'पान' ठेवायचे तर 'पान' स्वीकारणारी क्रिया तिथे आधीच लिहिलेली असावी लागते. नसेल तर बांधणी थांबते. असा घटक इथे चालत नाही, एवढाच निरोप येतो. उणीव बाहेरच्यात असते, अडते आतल्याचे.

२००३च्या १.६ आवृत्तीने ही अट सैल केली. ठरलेला करार पाळणारा कोणताही प्रकार, नाव काहीही असो, आत घेता येऊ लागला.

कर्जत-खालापूरच्या ठाकर, कातकरी वाड्यांतून मुले आमच्या वर्गात येतात. त्यांची बोली सामावणारे दार पाठ्यक्रमात नसते, आणि 'अशुद्ध' हा शेरा मात्र त्यांच्या उत्तरपत्रिकेवर पडतो. अर्थ पोचवणे हाच भाषेचा मूळ करार असेल, तर तो ही मुले केव्हाच पाळत आली आहेत. दार आपल्याला लिहायचे आहे.