वळकटी

वसतिगृहात निघालेल्या पोराला लोक पुस्तकाचं विचारतात, फीचं विचारतात, जेवणाचं विचारतात. निजणार कशावर हे कुणी विचारत नाही. चळवळीतलेही नाहीत. शिका म्हणून सांगणारा भाषण ठोकून मोटारीत बसतो. शिकणारं पोर रात्री पाठ कशावर टेकतं हा प्रश्न त्याला किरकोळ वाटतो. मला वाटत नाही. दर जूनला वस्तीतली चार-दोन पोरंपोरी घरी येतात, काका, सोबत काय काय न्यायचं म्हणून विचारतात. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथं लिहून काढतोय.

आधी एक ध्यानात घ्या. कुणी वर बसायचं आणि कुणी खाली, हे आपल्याकडं पोथीत लिहिलेलं होतं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वरच्याच्या आसनावर बसू पाहणाऱ्याची कंबर डागून त्याला हाकलून द्यायची शिक्षा आहे. दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, मढ्यावरची वस्त्रं अंगावर घ्यावीत असं आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ही पोथी जाळली. आमच्या गावात ती कुणी वाचलेली नव्हती, पण पाठ सगळ्यांना होती. आमच्या वस्तीत बाज एकच. तीही आजा आजारी पडला की अंगणात यायची. पण गावातला कुणी रस्त्यानं येताना दिसला की तापात फणफणलेला आजा बाजेवरून उतरून खाली मातीत बसायचा. माणूस पुढं गेला की पुन्हा वर. एका दुपारी किती वेळा, ते मी मोजलेलं नाही.

आणि मढ्यावरचं कापड. गावात कुणी मेलं की सरणावरचं कापड आमच्या लोकांचं. हक्क म्हणायचे त्याला! आजीनं त्याच कापडाचे थर घालून वाकळा शिवल्या. आजा, बाप, चुलते, आत्या सगळे त्यात वाढले. आजी सांगायची, कुठल्या वाकळेत कुणाचं कापड आहे ते तिला हात फिरवून कळायचं. गावातल्या मेलेल्या माणसांची अशी वंशावळ आमच्या घरात घडी घालून ठेवलेली होती.

१९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली. ती हवा आमच्याकडं पोचली तेव्हा वस्ती बसली आणि ठरलं. मेलेलं ढोर ओढायचं नाही, मढ्याचं कापड आणायचं नाही. बापानं जुन्या वाकळा नदीकाठी नेऊन जाळल्या. हे सगळे सांगतात, अभिमानानं सांगतात. त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही. जाळल्या, मग पांघरायला काय? गावानं काम बंद केलं होतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरातली माणसं कडब्यावर निजली आणि अंगावर पोती घेतली. माय तेव्हा नवी नवरी. ती म्हणायची, "पोत्याचं तोंड उसवायचं आन आत शिरायचं. सकाळी अंगाला सुतळीचा वास." स्वाभिमान काय भावानं पडतो, ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. मायनं सांगितलं.

मी १९७६ च्या जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला निघालो. मायनं एक वाकळ काढून ठेवली होती. तिच्या आणि आजीच्या फाटक्या लुगड्यांची. वरचा थर हिरवा, बाकी आत जे साठलं ते. चारी कडांनी धावदोरा घालत घालत मधे मधे येत गेलेली. मला वाटतं चार-पाच वर्षांची लुगडी होती त्यात, कारण लुगडं आमच्याकडं पार विटल्याशिवाय अंगावरून उतरत नसे. सुतळीनं वळकटी बांधताना ती म्हणाली, "घे. ह्यात मढ्याचं चिंधूकसुदिक न्हाई. समदं अंगावरचं हाय, जित्या माणसाचं." आमच्या घराण्यात असं अंथरूण घेऊन निजणारा मी पहिला. बीएच्या पदवीचं कौतुक पुढं झालं. त्याआधी हे झालं होतं.

आता कामाचं बोलू. वाकळ न्यायची का? न्या. पण एकटी पुरणार नाही हे माहीत असू द्या. वाकळ घरी शेणानं सारवलेल्या जमिनीवर अंथरायची चीज. वसतिगृहात लोखंडी खाट असते, तिला पत्र्याच्या पट्ट्या. वाकळ टाकून निजलं की सकाळी पाठीवर पट्ट्या मोजून घ्याव्यात. पहिला महिना मी खाट भिंतीला उभी केली आणि खालीच निजलो. पावसाळ्यात फरशी गार पडते, वाकळ ओल धरते, आणि ओली वाकळ दोन-दोन दिवस वाळत नाही. तिचं वजन तर विचारू नका, पिळायला दोघं लागतात.

खाटेला गादीच पाहिजे, आणि ती कापसाची. खाटेचं माप आधी घ्या. सहा फूट लांबी बहुतेक ठिकाणी असते, रुंदी कुठं अडीच फूट कुठं तीन. गादी रुंद झाली तर कड लोंबते आणि झोपेत माणूस त्या बाजूला घसरतो. एकेरी गादीला आठ-दहा किलो कापूस चांगला. दुकानदार पाचात भागवतो आणि वरून थापटून फुगीर दाखवतो. गादी उभी धरा. कापूस खाली सरकला तर टाके लांब आहेत. मुठीत दाबून सोडा, गोळे हाताला लागले तर आत जुना माल आहे. आमच्या मोहल्ल्याजवळ एक पिंजारी चाचा होते. खांद्यावर धनुकली टाकून फिरायचे. तारेचा तो टणत्कार आला की पोरं गाद्या घेऊन पळायची. ते म्हणायचे, "बेटा, कापूस मरत नसतो, फक्त दबतो. पिंजला की परत उठतो." खरंच आहे ते. दोन-तीन वर्षांनी गादी उसवून कापूस पिंजून घेतला की तीच गादी पुन्हा नवी होते. आता धनुकली दिसत नाही, यंत्रावर पिंजून देतात. फोमला ही सोय नाही. फोम एकदा बसला की बसला. शिवाय मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फोमवर निजणं म्हणजे तव्यावर निजणं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी काय ते त्यांचं बघावं.

अंगावर सोलापुरी चादर. जाड सुती, घाम पिते, धुऊन धुऊन मऊ होते, आणि उन्हाळ्यात पाणी शिंपडून घेतली की पंखा बंद पडला तरी डोळा लागतो. (सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते. बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ मध्ये आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं तेही सोलापुरातच. आणि त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. अंथरूण टाकायला जागा मिळाली म्हणून आपली पहिली पिढी शिकली.) थंडीला घोंगडी असेल तर उत्तम, पण ती टोचते. खाली चादर आणि वर घोंगडी असं घ्या. उशी सावरीच्या कापसाची मिळाली तर घ्या. नाही तर जुन्या धोतराची घडी चालते. ग्रंथ उशाला घेऊन निजण्याचं कौतुक कवितेपुरतं ठीक आहे, मान सकाळी आखडते.

ढेकणांचं लाजू नका. ढेकूण जात बघत नाही, खाटेची सांध बघतो. खाट उन्हात काढा, सांध्यांत उकळतं पाणी ओता, चादरी गरम पाण्यात धुवा. दुसऱ्याची जुनी गादी फुकट मिळाली तरी शिवणी उलटून बघितल्याशिवाय खोलीत घेऊ नका.

आता ती गोष्ट, जी कुठं लिहिली गेली नाही. आमच्या वसतिगृहात सरकारी अनुदानातून गाद्या यायच्या होत्या. दीड वर्षानं आल्या. निळ्या पट्ट्यांचं कापड, वरून देखण्या. रजिस्टरवर आमच्या सह्या घेतल्या, प्रत्येकी एक गादी मिळाली म्हणून. आठ दिवसांत गाद्या अशा बसल्या की पट्ट्या पुन्हा पाठीला लागायला लागल्या. आमच्यातल्या एकानं, तो शिंप्याच्या हाताखाली काम केलेला होता, शिवण उसवली. आत वर-वर बोटभर कापूस. खाली चिंध्या. तेलकट, काळ्या, कुठल्या तरी गिरणीच्या नाहीतर दवाखान्याच्या, देव जाणे. एका चिंधीवर तपकिरी डाग होता. खोलीत कुणी बोलेना. मला मायचं ते वाक्य आठवलं, जित्या माणसाचं.

आम्ही अठरा जणांनी गाद्या डोक्यावर घेतल्या आणि दोन मैल चालत कार्यालयात गेलो. घोषणा नव्हत्या. साहेबाच्या टेबलावर गादी ठेवली आणि ब्लेडनं लांबट फाडली. चिंध्या त्याच्या फायलींवर पडल्या. तो म्हणाला, "तुम्ही घरी कशावर झोपता रे?" त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळलं. तो शिंपीकाम केलेला पोरगा शांतपणे म्हणाला, "सायेब, घरी आमच्या मायनं शिवल्यालं आसतंय. तिनं आत काय भरलं ते आमाला ठावं आसतंय." तीन महिन्यांनी गाद्या बदलून मिळाल्या. ठेकेदार तोच राहिला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट जास्तच गोड होईल.

त्या काळात आमच्यातला एक गट म्हणायचा, कार्यकर्त्यानं गादीवर निजू नये, मऊ पडतो. कुणी अष्टशिलाचा दाखला द्यायचा, उंच आणि मोठ्या शय्येपासून दूर राहण्याचं शील. मी विचारायचो, आपण रोज घेतो ती पंचशील, त्यात शय्या आहे का? नाही. उपासक ते शील उपोसथाच्या दिवशी पाळतो. आणि सिद्धार्थानं राजवाड्यातली शय्या सोडली, कारण ती त्याच्याकडं होती. कडब्यावर निजणाऱ्यानं काय सोडायचं? बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. वडील त्यांना लवकर निजवायचे आणि रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे. घरात जागा नव्हती, म्हणून. हौस म्हणून कुणी हे केलेलं नाही. तोच पोरगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. आठ तास वाचून आलेल्या डोक्याला सहा तास नीट झोप लागते. ती हिरावली की पहिल्या सत्रात पोरगं डुलक्या खातं, दुसऱ्यात नापास होतं, आणि गावात म्हणतात, यांच्या डोक्यात नसतंच.

गादी सोडायची वेळ एकदा खरंच आली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. जळालेल्या घरांतली माणसं शहराकडं आली. जीव घेऊन पळताना वळकटी कोण बांधतं? आमच्या वसतिगृहातल्या पोरांनी गाद्या, चादरी, सतरंज्या जे होतं ते दिलं आणि पुन्हा फरशीवर निजली. मायची वाकळ मी एका बाळंतिणीला दिली. ती परत आली नाही आणि मी विचारली नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तोवर ते बाळ कॉलेजच्या वयात आलेलं असणार.

आता काळ बदललाय, काही बाबतींत. शासकीय वसतिगृहात राहण्या-जेवणाबरोबर अंथरूण-पांघरूणही मोफत द्यायचं असतं, सोयींच्या यादीत ते छापलेलं असतं. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. तिचे पैसे थेट खात्यात येतात, पण येतात तेव्हा येतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं अंथरूण घरूनच न्या. मुलींना एक वेगळं सांगतो. पाळीच्या दिवसांसाठी एक गडद रंगाची जाड सतरंजी जादा ठेवा, गादी धुता येत नाही.

आणि सरकारी गादी हातात आली की रजिस्टरवर सही करायच्या आधी एका कडेची चार बोटं शिवण उसवा. आत कापूस दिसला तर तिथंच टाका घाला आणि सही करा. सुई-दोरा सोबत न्या.