बोटीवरचा गणवेश

धाकट्या भावाच्या ई-मेलमध्ये दोन सूचना ठळक अक्षरांत होत्या. पासपोर्टची मुदत तपासावी, ही पहिली; बाबांसाठी आणि माझ्यासाठी गडद रंगाचा एकेक सूट शिवून घ्यावा, ही दुसरी. बाबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त त्याने आम्हां सर्वांसाठी फ्लोरिडाहून निघणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीची तिकिटे काढली होती. त्या सातांपैकी दोन रात्री ‘फॉर्मल’ असतात. त्या दिवशी मुख्य भोजनगृहात जीन, अर्धी चड्डी, टी-शर्ट चालत नाहीत. पत्राच्या शेवटी एक ओळ होती : ‘दादा, या वेळी तत्त्वाचा प्रश्न करू नकोस.’

अर्थात तत्त्वाचा प्रश्न झालाच. झब्बा आणि पँट या वेशात मी वीस वर्षे वर्गावर जात आलो आहे. सूट न घालण्यामागे आपली काही एक भूमिका आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आणि सांगता सांगता माझाही तीवर विश्वास बसत गेला. महात्मा फुल्यांचा प्रसंग अशा वेळी माझ्या मदतीला येतो. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि जडजवाहीर ल्यालेल्या या मंडळींवरून देशाची परीक्षा करू नका, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. हा प्रसंग शिकवताना माझा आवाज चढतो. मात्र एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘सर, मग बाबासाहेबांच्या सुटाचं काय?’ गावोगावच्या चौकांतील पुतळ्यांच्या अंगावरचा तो निळा सूट साऱ्या वर्गाच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ज्यांना अंगभर आणि चांगले वस्त्रही नाकारले गेले, त्यांच्या दृष्टीने सूट ही साहेबाची नक्कल नव्हे, हे मला ठाऊक होते. मी उत्तरही लांबलचक दिले. पण ते देताना माझा आवाज चढला नाही, हे माझे मलाच जाणवले.

बाबांचा असा काही प्रश्न नव्हता. बाबा पस्तीस वर्षे एस. टी.त कंडक्टर होते. पत्र वाचून दाखवल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘गणवेश सांगितलाय ना? मग घालायचा.’ दुसऱ्या दिवशी ते स्वतःच शिंप्याकडे गेले. ‘जोधपुरी शिवू का टू-पीस?’ या त्याच्या प्रश्नावर त्यांनी ‘टू-पीस’ म्हणून सांगितले आणि अस्तर चांगले घालायला बजावले. आईच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवला नाही. तिची पैठणी कपाटात होती आणि जगातल्या कोणत्याही औपचारिक मेजवानीला ती पुरेशी होती. भारतीय स्त्रीला समारंभासाठी आपला वेश बदलावा लागत नाही. सुशिक्षित भारतीय पुरुषाने मात्र दीडशे वर्षांपूर्वीच धोतर-पागोट्याशी तडजोड सुरू केली. या तडजोडीवर मी व्याख्यान देऊ शकतो. पण टायची गाठ मला बांधता येत नाही, हे मी घरात कुणालाही सांगितले नव्हते.

वाचनाची सवय असल्यामुळे मी शत्रूची माहिती काढली आणि थोडा हिरमुसलो. ज्या डिनर जॅकेटला आज औपचारिकतेची परिसीमा समजतात, त्याचा जन्म औपचारिकता टाळण्याच्या इच्छेतून झाला होता. १८६५ साली प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणासाठी लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून शेपट्या नसलेला आखूड कोट शिवून घेतला. न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या १८८६ साली वसलेल्या वसाहतीमुळे त्याला अमेरिकेत ‘टक्सीडो’ हे नाव पडले. एका पिढीची ढिलाई पुढच्या पिढीचा दंडक होते, हे वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत आपण शिकवतोच. कोटाच्या बाबतीतही ते खरे निघाले. शिवाय दंडकही आता एकसारखा उरलेला नाही. क्यूनार्डच्या ‘क्वीन मेरी २’वर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात ‘गाला’ रात्री आजही पाळल्या जातात. पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते आणि राष्ट्रीय पोशाखही चालतो. उलट नॉर्वेजियन कंपनीने २००० सालीच ‘फ्रीस्टाइल’ धोरण आणून सक्तीच्या औपचारिक रात्रींना रजा दिली.

ज्या १८८८ साली जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात मेजवानीला गेले, त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईहून एक अठरा वर्षांचा तरुण बोटीने विलायतेला निघाला. प्रवासभर त्याने काळा सूट वापरला आणि मित्रांनी घेऊन दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतानासाठी राखून ठेवला. महिनाअखेर बोट धक्क्याला लागली, तेव्हा त्या थंडीत पांढरे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत, असे त्याच्या लक्षात आले. बाकीचे सामान आणि किल्ल्या एजंटाकडे गेलेल्या. गांधीजींनी आत्मचरित्रात ही फजिती कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. जोतीरावांचे उदाहरण मी वर्गात देतो. पण बोटीवर चढताना माझ्या मनात होता तो फ्लॅनेलचा सूट.

पहिल्या औपचारिक रात्री मी रेशमी झब्बा आणि जाकीट घालून निघालो. अडवले तर काय बोलायचे, त्याची इंग्रजी वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. दारावरच्या तरुणीने माझ्याकडे पाहिले, झब्ब्याचे मनापासून कौतुक केले आणि हसून आत सोडले. माझ्या बंडाला प्रतिपक्षच मिळाला नाही. आत पाहतो तर निम्मे पुरुष साध्या गडद सुटात, काही नुसत्या जाकिटात, एक जण स्कॉटिश घागऱ्यात. माझा झब्बा त्या गर्दीत निषेध वगैरे नव्हता. तो लग्नातला, किंबहुना सर्वांत नटलेला पोशाख दिसत होता. बाबा काळ्या सुटात ताठ बसले होते. खोलीतून निघण्यापूर्वी आरशासमोर त्यांचा हात नकळत डाव्या खिशाकडे गेला होता. तिथे पूर्वी बिल्ला असे.

त्या हाताने मला एका दुपारची आठवण करून दिली. मी दहावीत होतो. तालुक्याच्या शाळेतले चार नवे मित्र सोबत होते आणि नेमकी त्या गाडीवर बाबांची ड्युटी होती. खाकी कपडे, काखेशी घामाचे ओघळ, खांद्याला चामडी पिशवी. तिकिटांना चिमटा मारीत ते आमच्यापर्यंत आले, तेव्हा मी मान खिडकीकडे वळवली. त्यांनी क्षणभर पाहिले, इतरांप्रमाणे माझ्याकडूनही पैसे घेतले, तिकीट हातात दिले आणि पुढे सरकले. घरी तो विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

दुसऱ्या औपचारिक रात्री मी सूट घातला. टायची गाठ भावाने बांधून दिली. आमच्या टेबलावरचा वाढपी गोव्याचा, सासष्टीचा निघाला. गळ्यात बो, अंगात काळे जाकीट. बाजूने पाहिले तर तो आणि पलीकडच्या टेबलावरचा डिनर जॅकेटवाला प्रवासी यांत फरक करणे अवघड. फरक एवढाच की, प्रवाशाला सातांतल्या दोन रात्री हा वेश करायचा होता आणि नको वाटल्यास वरच्या मजल्यावरच्या बुफेत कसेही जाऊन जेवता येत होते. त्याला मात्र करार संपेपर्यंत महिनोन्‌महिने रोज रात्री तोच वेश. इतके दिवस मी ज्या पोशाखाच्या सक्तीविषयी विचार करीत होतो, ती सक्ती त्या दालनात कुणावर होती, हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते. बाबांच्या ते पहिल्याच रात्री ध्यानात आले असावे. त्यांनी त्याला विचारले, ‘कपडे कंपनी देते का? आणि धुलाईचं काय?’ तो हसला. कोकणी वळणाच्या मराठीत उत्तरे देत तो थोडा वेळ आमच्या टेबलापाशी रेंगाळला. बाबांनी त्याला आपल्या नोकरीविषयी आणि धुलाई भत्त्याविषयी सांगितले. मग म्हणाले, ‘खाकीचं एक बरं होतं. घरी आलं की उतरवून खुंटीला टांगता यायची. मग मी पोरांचा बाप.’

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते मला उद्देशून होते की नाही, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. वाढपी गेल्यावर मी म्हणालो, ‘बाबा, दहावीत असताना एकदा गाडीत...’ त्यांनी काटा-सुरी बाजूला ठेवली, पाव हाताने मोडला आणि म्हणाले, ‘सुटं पैसे होते तुझ्याकडे. म्हणून पावतीवर लिहावं लागलं नाही.’ म्हणजे त्यांना ती दुपार आठवत होती. सुट्या पैशांसकट आठवत होती.

परतल्यावर स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारले की, बोटीवरच्या त्या रात्रींना पुरुषाने घालावे तरी काय? मी सांगितले : गडद रंगाचा साधा सूट पुरतो, टक्सीडोच पाहिजे असे बहुतेक ठिकाणी नाही, जोधपुरी किंवा शेरवानीही चालते, काळे बूट मात्र आधी महिनाभर घरात वापरून सैल करून घ्यावेत. तो म्हणाला, ‘आणि तुमच्या तत्त्वाचं काय झालं?’

पुढच्या तासाला पुन्हा जोतीराव शिकवायचे होते. ते त्या मेजवानीला गेले, ते जे तिथे येऊ शकत नव्हते त्यांचा वेश घालून. माझा झब्बा माझ्याखेरीज कुणाच्याच वतीने बोलत नव्हता. माझ्या घरातला जो वेश बोलला असता, त्याच्याकडे मी एकदा पाठ फिरवली होती. सहकाऱ्याला हे सांगितले नाही. हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेलो.