कब्रस्तान आणि सुपरमॅन

सिनेमावर लिहायचं तर गुरुदत्तवर लिहावं, 'गर्म हवा'वर लिहावं, फार तर 'पाकीजा'वर. रामसे बंधूंच्या भुतांवर आणि मालेगावच्या रबरसिंगवर एका शिक्षिकेनं, तेही साहित्याच्या वार्षिकात लिहावं, हे काहींना रुचणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यांनी हे सिनेमे जितके पाहिले तितका 'गर्म हवा' पाहिला नाही, हे कुणी नाकारणार नाही. ज्यांना पाहून आपली माणसं दचकली आणि पोट धरून हसली, त्या सिनेमांना 'थिल्लर' म्हणून सोडून देणं मला जमत नाही. त्यांच्यात कुणाचं भय आहे आणि कुणाचं हसू, एवढंच मला पाहायचं आहे.

आधी भयाकडे वळते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या एका सिंधी कुटुंबानं आपल्याला भूत दाखवलं. वडील एफ. यू. रामसे यांनी 1970 मध्ये 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला. सिनेमा पडला, पण मुलांच्या लक्षात एक गोष्ट आली. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरीला येतात त्या प्रसंगाला थिएटरमध्ये लोक हलायचे. मग बाकीचा सिनेमा हवा कशाला? सात भावांनी कामं वाटून घेतली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, कुमार लेखन. महाबळेश्वरला जाऊन त्यांनी शूटिंग केलं आणि 1972 मध्ये 'दो गज जमीन के नीचे' पडद्यावर आला.

हे नाव वाचलं की उर्दू शिकवणाऱ्या माणसाला थांबावंच लागतं. 'दो गज जमीन' म्हटलं की बहादूरशाह जफर आठवतो, रंगूनमध्ये मेलेला, दिल्लीत दफन व्हायलाही न मिळालेला बादशाह. ती गजल त्याची की नाही यावर अभ्यासक वाद घालतात, पण लोकांनी ती त्याच्या नावावर केव्हाच लिहून टाकली आहे. वतनात कबर मिळावी ही हसरत ज्या शब्दांत आहे, ते शब्द उचलून रामशांनी पोस्टरवर चिकटवले आणि त्याखालून एक प्रेत बाहेर काढलं. मला याचा राग येत नाही. बाजारात शब्द असेच फिरतात. फक्त हसरतीचे शब्द भयाच्या कामाला लागले, याची नोंद करून ठेवते.

कारणही सरळ आहे. ज्याला अग्नी दिला तो उठून येणार कसा? हाडामांसाचं, माती झटकत उभं राहणारं भूत हवं असेल तर आधी कुणाला तरी पुरावं लागतं. म्हणून हिंदू नावाच्या पात्रांच्या कथेतही मुडदा जमिनीत जातो. धुरात उभी असलेली, बहुतेक क्रॉस लावलेली आणि कधी आपल्यासारखी मातीची थडगी दिसू लागतात, आणि मागून निळा-लाल उजेड सोडला की काम झालं. विलायती ड्रॅक्युलाचं सामान इथे आणताना स्मशान उपयोगाचं नव्हतं, कब्रस्तान होतं. 'पुराना मंदिर' (1984) मधला सामरी कब्रस्तानातला नाही, पण त्याचंही धड जाळलेलं नाही, शिर वेगळं करून बंद करून ठेवलंय. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल रुरकीहून शिकलेले इंजिनिअर. आजारपणामुळे चेहऱ्याची हाडं वाढलेली, म्हणून मेकअपवाल्याला फार कष्ट नव्हते. एका माणसाच्या आजारावर साऱ्या देशानं किंकाळ्या फोडल्या, हे कळल्यापासून मला तो सिनेमा पूर्वीसारखा पाहता येत नाही.

पण पाहिला खूप वेळा. 1993 पासून टीव्हीवर 'झी हॉरर शो' लागायचा, तोही रामशांचाच. मामूंच्या घरी सगळी मुलं एका गोधडीत शिरून तो बघायची आणि अम्मी दटावायची, "इशाची नमाज झाली, आता हे शैतानी चाळे बंद करा." बंद कुणी करत नसे. अम्मी स्वतः दारात उभी राहून शेवटापर्यंत बघायची. गंमत अशी, की पडद्यावरच्या कब्रस्तानाला आम्ही घाबरायचो आणि घरामागच्या कब्रस्तानाची आम्हाला काडीची भीती नव्हती. तिथे आजोबा होते. शब-ए-बारातला अब्बा आणि भाऊ फुलं घेऊन, अगरबत्ती घेऊन तिकडे जायचे. आम्ही मुली घरात हलवा करायचो. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून आमच्या मनात ती जागा फातिह्याची, हलव्याच्या वासाची होती.

8 सप्टेंबर 2006 ला ती तशी राहिली नाही. शब-ए-बारातचा जुमा होता. मालेगावात बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या आवारात आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, त्यात मुलं होती, फकीर होते. पकडले गेले ते नऊ जण मालेगावच्या घटनेसाठी, आणि तेही मुसलमानच. काही वर्षं तुरुंगात काढल्यावर 2011 मध्ये जामीन मिळाला आणि 2016 मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं. तोवर त्यांतला एक हयात नव्हता. मध्येच 29 सप्टेंबर 2008 ला, रमजानमध्ये, भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा माणसं गेली. त्या खटल्यातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला निर्दोष सुटले. म्हणजे कब्रस्तानातून खरोखर भय उठलं, तेव्हा ते कुणाचं हे अजून कळलेलं नाही.

या गावानं याच काळात काय केलं? सुपरमॅन बनवला.

मालेगाव म्हणजे मोसम नदी, तिच्या अलीकडे-पलीकडे वसलेली दोन गावं, आणि रात्रंदिवस चालणारे यंत्रमाग. कामगारांची सुट्टी जुम्याला. नमाज झाली की जेवण, जेवण झालं की सिनेमा. शेख नासिर यांचा तिथे व्हिडिओ पार्लर होता. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली असं बरंच काही ते दाखवायचे आणि दोन व्हीसीआर जोडून जोडणी-कापणीचं तंत्र स्वतःच शिकले. 2000 च्या सुमारास पन्नास हजारांच्या आसपास खर्चात त्यांनी 'मालेगाव के शोले' काढला. गब्बरचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती झाली. घोडे कुठून आणणार? डाकू सायकलींवर आले. आगगाडीऐवजी बस लुटली. आणि गावानं तो डोक्यावर घेतला.

याला काही लोक नक्कल म्हणतात. आमच्या उर्दूत याला पॅरोडी म्हणतात, तहरीफ म्हणतात, आणि तो चांगला खानदानी प्रकार आहे. कन्हैयालाल कपूर यांनी गालिबला आधुनिक शायरांच्या मजलिशीत नेऊन बसवलं आणि त्या शायरांची रेवडी उडवली, तर आपण त्याला तंज-ओ-मिजाह म्हणून मान देतो. पतरस बुखारींवर बी.ए.ला प्रश्न येतो. तेच काम यंत्रमागावरच्या पोरानं नाडा लोंबणारी चड्डी घालून केलं की तो थिल्लरपणा होतो. फरक छपाईचा आहे, दुसरा मला दिसत नाही. शिवाय 'शोले'ची टवाळी नासिर यांनी पहिल्यांदा केली असंही नाही. 'पुराना मंदिर'मध्येच भुताच्या गोष्टीत मध्ये मध्ये जगदीप मच्छरसिंग होऊन 'शोले'ची खिल्ली उडवत असतो. पण तो विनोद भीतीच्या मध्ये घटकाभर विसावा म्हणून ठेवलेला. मालेगावात तोच सगळा सिनेमा झाला.

'मालेगाव का सुपरमॅन' कसा तयार झाला ते फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) या माहितीपटात आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो जरूर पाहावा. सायकलवर कॅमेरा ठेवून ट्रॉली, बैलगाडीवर ठेवून क्रेन. कॅमेरा पाण्यात पडतो, सगळे त्याला मय्यतीला बसल्यासारखे बसतात. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागाचा कामगार, काडीसारखा, शूटिंगच्या मध्येच त्याचं लग्न होतं. त्याच्या सुपरमॅनला दमा आहे. खलनायकाला जगावर राज्य करायचं नाही, त्याला घाण आवडते, सगळीकडे घाण हवी आहे. जिनं मालेगावची गटारं पाहिली आहेत तिला हा खलनायक कुठून आला हे विचारावं लागत नाही. अमेरिकेचा सुपरमॅन धूमकेतू अडवतो. आमच्या सुपरमॅनला आधी श्वास घेता यायला हवा. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या खोलीत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसानं हे लिहिलं असेल तर ती नक्कल कशी? शफीक पुढे तोंडाच्या कॅन्सरनं गेला. 2012 मध्ये माहितीपट थिएटरांत लागला तेव्हा तो नव्हता. गुटख्यावर राज्यात बंदीही त्याच वर्षी आली.

माझ्या मते या सिनेमांचं खरं मोल त्यांच्या जबानीत आहे. मोमिन विणकर उत्तरेकडून आले, त्यांची बोली इथल्या मराठीत आणि खानदेशीत मुरली. तिला धड उर्दू म्हणता येत नाही, हिंदी तर नाहीच. हैदराबादेत 'द अंग्रेज' आला, त्यात दख्खनी ऐकून जी मजा लोकांना आली तीच ही. आमच्या शाळेत सातवीच्या मुली निबंधात 'मुझे' लिहितात आणि खेळाच्या तासाला 'मेरेकू' बोलतात. निबंधात उर्दू लिपीत 'पटकन' लिहिलेलं मी कितीदा पाहिलंय. आमचे एक ज्येष्ठ सर आहेत, त्यांचा या सिनेमांवर फार राग. म्हणतात, "बाजी, या लोकांनी आपल्या जबानीचा सत्यानास केला." मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही घरी अम्मीशी कोणत्या जबानीत बोलता?" ते हसले. उत्तर दिलं नाही, पण त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले.

लखनवी उर्दू आपल्याला सिनेमानंच दिली, शेरवानी आणि मुजऱ्यासकट. तिच्यात नवाब बोलायचे, तवायफा बोलायच्या. मागवाला बोलत नव्हता. मागवाला बोलला ते नासिर यांच्या कॅमेऱ्यापुढे.

कौतुक इथवर पुरे. या हसण्यात मुली कुठे होत्या? बासमती गावची नव्हती. नट्या बाहेरून आणाव्या लागायच्या, कारण मालेगावच्या घरातून कॅमेऱ्यासमोर कोण मुलगी पाठवणार? पार्लरमध्ये बघायला जाणंही आमच्यासाठी नव्हतं. मी 'मालेगाव के शोले' पाहिला तो खालाच्या घरी, सीडीवर, पुरुष जुम्याच्या नमाजला गेलेले असताना, दाराला कडी लावून. आम्ही सात-आठ जणी होतो. खाला इतकी हसली की ओढणी तोंडात कोंबून बसली, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून. आमच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत आणि पार्लरमध्येही जात नव्हत्या. रडायला घर आणि हसायलाही घरच. या सिनेमांनी घाण, बिजली, दमा, सगळ्याची टिंगल केली. या एका गोष्टीची केली नाही.

2024 मध्ये रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' काढला. लेखन वरुण ग्रोवर यांचं, आदर्श गौरव नासिर झाला, शशांक अरोरा शफीक. टोरांटोला दाखवला गेला आणि 2025 च्या फेब्रुवारीत इथे आला. चांगला सिनेमा आहे, मी रडले. तरी थिएटरबाहेर लोक जे बोलत होते त्यानं थोडी चिडलेही. "एवढ्याशा पैशात यांनी कसं केलं!" ही एकच वाहवा. गरिबीत केलं म्हणून ते थोर होत नाही. गरिबीत वाईट सिनेमेही निघतात, रामशांचेच निम्मे आठवून पाहा. दम्यानं धापा टाकणारा सुपरमॅन दहा कोटींत काढला असता तरी तो विनोद तितकाच खरा राहिला असता. आणि मागासारखाच जुम्याला बंद राहणारा मालेगावचा एखादा सेट कोटींनी उभारला, तरी त्यात रबरसिंग सापडेलच असं नाही.

आता पार्लर राहिले नाहीत. खानदेशी विनोदाच्या फिल्मा मोबाइलवर येतात, कोटी कोटी लोक बघतात, आणि मुली त्या मधल्या सुट्टीत तोंडपाठ म्हणून दाखवतात. यंदा स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुलींनी स्वतः एक नाटुकलं लिहून आणलं. एक चुडैल रेशनच्या दुकानात रांगेत उभी आहे. पाय उलटे म्हणून पुढे जायचं तर ती मागे जाते आणि तिचा नंबरच येत नाही. शेवटी येतो, तर मशीनवर अंगठा उमटत नाही. दुकानदार म्हणतो, "तुम मर गए, इसमें दिखा रा." चुडैल चिडून म्हणते, "मेरेकू मालूम है, पर मेरे बच्चे तो जिंदा है ना."

दुकानदाराचं काम करायला दोघी भांडताहेत. चुडैल ठरली आहे. मी हिज्जे तपासून दिले, सरांनी 'मेरेकू'खाली लाल रेघ मारून वही परत केली, आणि मुलींनी ती रेघ तशीच ठेवून तालीम सुरू केली आहे.