वर्षअखेरीची खतावणी

१ मे हा महाराष्ट्र दिन, तसाच शाळांच्या निकालाचाही दिवस. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या बाजारपेठांत, नेमका हाच काळ ऐन हंगामाचा असतो. पर्यटकांनी रस्ते भरलेले, दुकानात उसंत नाही. अशा वेळी मूल प्रगतिपुस्तक घेऊन गल्ल्यापाशी येते. वडील टक्केवारी पाहतात, शेजारच्या मुलाची विचारतात आणि पुस्तक मिटतात. वर्षभराच्या ज्ञानार्जनाचा हिशेब दोन मिनिटांत आटोपतो.

वस्तुतः व्यापारी घराला हिशेबाचे मर्म सांगावे लागत नाही. केवळ अखेरची शिल्लक पाहून कोणी पेढी चालवीत नाही. रोजमेळातील नोंद खतावणीत उतरते आणि कोणते येणे थकले, कोणता माल पडून राहिला, हे वर्ष संपण्यापूर्वीच ध्यानी येते. धर्माचीही शिस्त हीच आहे. संवत्सरी प्रतिक्रमण वर्षातून एकदा. परंतु राई व देवसी रोजचे, पक्खी पंधरवड्याचे, चौमासी चार महिन्यांचे. सारा भार संवत्सरीवर सोपविलेला नाही.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला, तो याच विचाराने. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीसाठी नियमित परीक्षेची तरतूद केली आणि महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला जादा मार्गदर्शन आणि निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी मिळते. किनाऱ्यावरील दुकानदाराच्या मुलासाठी त्यातला मे महिना गर्दीचा. मदतीला म्हणून ते गल्ल्यावर बसते आणि संधी हातची निसटते.

श्वेतांबर परंपरेत स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. गुरूकडून पाठ घेणे, शंका विचारणे, उजळणी करणे, चिंतन करणे आणि इतरांना सांगणे. मूळ संदर्भ शास्त्राध्ययनाचा असला, तरी हा क्रम कोणत्याही विद्येला लागू पडतो. गुणपत्रिकेत मुख्यतः उजळणीचे फळ दिसते. उरलेल्या पायऱ्या घरानेच पाहावयाच्या असतात.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते. ही ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा का येते, असे एखाद्या मुलीने शिक्षकांना विचारले, चंद्राच्या गतीशी त्याचा मेळ स्वतः घातला आणि धाकट्या भावाला तो समजावून दिला, तर तिने तीन पायऱ्या ओलांडल्या. तिच्या टक्केवारीत हे कदाचित कोठेही उमटणार नाही. उलट, उत्तम गुण मिळविणारा एखादा मुलगा वर्षभरात एकही प्रश्न न विचारता वरच्या वर्गात गेलेला असू शकतो. त्याचीही काळजी वाहिली पाहिजे.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, दुपारी दुकान मिटल्यावरचा अर्धा तास यासाठी पुरेसा आहे. यंदा कोणता प्रश्न पडला, कोणता धडा अजून कळला नाही, आजीला काय शिकवता येईल, एवढेच विचारावे. जिथे मूल अडखळेल, तिथेच पुढील वर्षाच्या कामाची पहिली नोंद होते. एका वर्षाच्या तोट्यावरून कोणताही जाणता व्यापारी पेढी बुडीत ठरवीत नाही. तो आधी तोट्याचे कारण शोधतो. मुलाच्या वाट्यालाही तेवढा धीर यावा.