सतरा पेठांचे सिएना

इटलीतली जुनी शहरे उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी नटून बसतात. व्हेरोनाच्या रोमन प्रेक्षागारात उघड्या आकाशाखाली ऑपेरा रंगतात. ती प्रथा १९१३ साली सुरू झाली. स्पोलेतो नावाच्या डोंगरी गावात १९५८ साली सुरू झालेला नाट्यसंगीताचा मोठा महोत्सव भरतो. व्हेनिसमध्ये जुलैच्या मध्यावर एका रात्री पाण्यावर दारूकाम होते. सोळाव्या शतकातल्या प्लेगमधून गाव वाचले त्याचा तो नवस आहे. या साऱ्या ठिकाणी तुमच्यासाठी खुर्ची मांडलेली असते. तिकीट काढावे, रुमालाने घाम पुसावा आणि कौतुकाने पाहावे.

सिएनाचे तसे नाही. तिथल्या उन्हाळ्याचा प्राण म्हणजे पालिओ. दरवर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला गावच्या चौकात धावणारी घोड्यांची शर्यत. तिला पाहुण्याला कुणी 'या' म्हणत नाही आणि 'जा' असेही म्हणत नाही. लग्नघराच्या अंगणातून एखादा वाटसरू चालला असावा, तशी तुमची तिथे गत असते. घरची माणसे आपल्याच गडबडीत. आणि खरे सांगतो, पाहुणा म्हणून मिरवण्यापेक्षा असे वाटसरू असणे फार सुखाचे असते.

२०१६ च्या जूनअखेर मी तिथे होतो. दुसऱ्या एका शहरात संतकाव्यावर एक परिसंवाद होता; तो आटोपला आणि हाताशी दहा दिवस उरले. सिएनाचे नाव मला शाळेपासून ठाऊक होते, तेही इतिहासातून नव्हे, रंगाच्या पेटीतून. 'बर्न्ट सिएना' नावाचा एक तांबूस विटकरी रंग त्या पेटीत असे. गाडीतून उतरून टेकडी चढलो आणि समोर अख्खे गाव त्याच रंगाचे! भिंती विटकरी, कौले विटकरी, चौकाची फरसबंदी विटकरी. त्या परिसरातल्या मातीवरूनच त्या रंगाला नाव पडले आहे.

गाव तीन टेकड्यांच्या पाठींवर वसले आहे आणि टेकड्या जिथे भेटतात त्या खळग्यात 'काम्पो' हा चौक आहे. म्हणायला चौक, आकार मात्र शिंपल्याचा. त्याचे नऊ पाकळ्यांसारखे भाग आहेत, कारण १२८७ ते १३५५ पर्यंत इथे नऊ जणांच्या पंचमंडळाचे राज्य होते. उतार जिथे संपतो तिथे नगरपालिकेचा वाडा आणि त्याच्या कुशीत उंच मनोरा. वाड्यात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ साली काढलेली भित्तिचित्रे आहेत. चांगला कारभार असला की गावाचे काय होते, ते त्याने एका भिंतीवर दाखवले आहे. दुकाने उघडी आहेत, गवंडी घर बांधताहेत, एक मास्तर मुलांना शिकवतो आहे आणि भर रस्त्यात माणसे फेर धरून नाचताहेत. मास्तराला पाहून मला बरे वाटले, हे वेगळे सांगायला नको. पण ते नाचणे अधिक लक्षात राहिले. सुराज्याची खूण म्हणून चित्रकाराने गावाचा उत्सव रंगवला होता. दहाएक वर्षांनी, १३४८ साली, प्लेग आला आणि निम्म्याहून अधिक गाव गेले. जगातले सर्वांत मोठे चर्च बांधायचे म्हणून काढलेली भिंत अर्धवट राहिली. ती आजही आकाशाला टेकून उभी आहे. पुढे १५५५ साली सिएनाचे स्वातंत्र्य गेले आणि शेजारच्या फ्लॉरेन्सचे राज्य आले. सत्ता गेली, पैसा गेला. उरल्या त्या पेठा.

इटालियनमध्ये त्यांना 'कोन्त्रादा' म्हणतात. पण पुण्याच्या वाचकाला पेठ म्हटले की निम्मे काम झाले. अशा सतरा पेठा. त्यांच्या सीमा १७२९ साली हुकूम काढून ठरल्या आणि अजून तशाच आहेत. नावे मोठी मजेशीर : गोगलगाय, कासव, सुरवंट, लाट, शिंपला, घुबड, मनोरा. प्रत्येक पेठेचे चर्च वेगळे, निशाण वेगळे, वस्तुसंग्रहालय वेगळे. पेठेच्या कारंज्यावर मुलाचा नामकरणविधी होतो आणि मग तो मरेपर्यंत त्या पेठेचा. संत कॅथरीन चौदाव्या शतकात जिथे जन्मली, तो भाग आज हंसीण पेठेत येतो. बाप रंगारी; तिने पत्रे सांगून लिहवून घेतली आणि ती पोपपर्यंत पोहोचली. आमचा नामदेव शिंप्याचा, ही रंगाऱ्याची. कापडाच्या धंद्याचे आणि भक्तीचे काय नाते असेल कोण जाणे!

मी उतरलो होतो ती जागा लांडगीण पेठेत. घरमालकीण साठीच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मी मास्तर म्हटल्यावर आमचे जमले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी यजमानांची ओळख करून दिली आणि त्याच दमात म्हणाल्या, "हे उद्या जाणार. चार दिवस भावाकडे राहतील."

मला वाटले काही बिनसले आहे. तसे नव्हते. यजमान साळिंदर पेठेचे. लांडगीण आणि साळिंदर यांचे हाडवैर. एरवी चाळीस वर्षांचा संसार सुखाचा; पण पालिओच्या चार दिवसांत एका छपराखाली दोन निशाणे नांदत नाहीत. तेव्हा दरवर्षी नवरा बॅग भरून माहेरी जातो! दाराशी यजमानांनी बाईंच्या गालाचा मुका घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमचा घोडा लंगडा निघो."

२९ जूनला चौकात चिठ्ठ्या टाकून घोडे वाटले. जागा अरुंद असल्यामुळे सतरांपैकी दहाच पेठा एका वेळी धावतात. घोडा पेठेचा नसतो. नशिबात येईल तो घ्यायचा. तो एकदा मिळाला की मात्र जावयासारखी त्याची सरबराई. रात्रंदिवस त्याच्या तबेल्यावर पहारा असतो. स्वार बाहेरचा, पैसे घेऊन धावणारा, म्हणून त्याच्यावर कुणाचाच विश्वास नाही. पेठापेठांत गुप्त करार होतात, पैसे ठरतात, आणि हे सारे रीतीला धरून असते. खोगीर नाही. हातात चिवट चाबूक, तो शेजारच्या स्वारावर चालवायलाही मुभा. स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी जय घोड्याच्या पेठेचा. आणि दुसरा नंबर ही सर्वांत मोठी नामुष्की. शेवटून पहिला आलेला नुसता न जिंकलेला. दुसरा आला तो हरला, अशी तिथली समजूत आहे.

सर्वांत जास्त वर्षे जी पेठ जिंकलेली नसते, तिला चिडवायला 'नोन्ना', म्हणजे आजी, म्हणतात. त्या वर्षी आजी होती लांडगीण. १९८९ नंतर तिने निशाण पाहिले नव्हते. सत्तावीस वर्षे! समोरच्या गल्लीतली साळिंदराची पोरे काठी टेकत, कंबर वाकवून चालून दाखवीत. बाई हसत, पण ते हसणे ओठांपुरतेच होते. एकदा त्यांनी मला कपाटातला काळ्या-पांढऱ्या रंगाचा, नारिंगी काठांचा रुमाल दाखवला. वडिलांचा होता. "ते थांबून थांबून गेले," एवढेच म्हणाल्या.

चिठ्ठीत लांडगिणीला आलेल्या घोडीचे नाव होते प्रेत्सिओसा पेनेलोपे. होमरची पेनेलोपी नवऱ्याची वीस वर्षे वाट पाहत बसली होती. मी हे बाईंना म्हटले, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवले. शकुनाविषयी बोलायचे नसते.

शर्यतीच्या आदल्या रात्री गल्लीत लांबच लांब टेबले मांडून पेठेची पंगत बसली. वाढायला पेठेतलीच मुले. दुसऱ्या दिवशी दुपारी घोडीला चर्चमध्ये नेले. प्रत्यक्ष वेदीसमोर घोडी उभी! धर्मगुरूंनी तिला आशीर्वाद दिला आणि 'जा, जिंकून ये' म्हणून निरोप दिला. घोड्याने तिथे लीद टाकली तर फार शुभ मानतात. इतकी माणसे एका जनावराच्या शेपटीकडे एवढ्या आशेने पाहताना मी प्रथमच पाहत होतो.

बाई चौकात आल्या नाहीत. "मला बघवत नाही," म्हणाल्या आणि खिडक्या लावून बसल्या. मी एकटाच गेलो. मधल्या मोकळ्या जागेत उभे राहायला पैसे पडत नाहीत; भर उन्हात तासन्‌तास उभे राहायची तयारी मात्र लागते. भोवती चौकाच्या कडेने दगडांवर पिवळट माती अंथरलेली, तीच धावपट्टी. जुन्या पोशाखांतली मिरवणूक आली, निशाणे हवेत उडाली आणि झेलली गेली, मनोऱ्यावरची घंटा वाजत राहिली. शेवटी चार पांढऱ्या बैलांच्या गाड्यातून पालिओ आला. पालिओ म्हणजे देवीचे चित्र असलेला रेशमी पट. बक्षीस तेवढेच. पैसा नाही, करंडक नाही.

घोडे दोराशी आले आणि हजारो माणसांचा चौक एकदम गप्प झाला. कोण कुठे उभा राहणार, ते त्याच वेळी पाकीट फोडून सांगतात. दहावा घोडा मागून धावत येतो, तेव्हा दोर पडतो; तो कधी यायचे ते त्याच्या मर्जीवर. करारमदार त्या क्षणापर्यंत चालू असतात. मग दोर पडला. तीन फेरे, सुमारे एक किलोमीटर, दीड मिनिटाच्या आतबाहेर. माझ्या वाट्याला आले ते माणसांच्या डोक्यांवरून सरकणारे स्वारांचे शिरस्त्राण आणि पायांतून जाणवणारी टापांची थरथर. शेजारी एक आडदांड तरुण डोळे मिटून उभा होता. बार उडाला तेव्हा त्याने डोळे उघडले आणि लहान पोरासारखा रडू लागला. लांडगीण जिंकली होती.

गल्लीत परतलो तो पेठेच्या सान रोक्को चर्चची घंटा घणघणत होती. दाराशी बाई उभ्या होत्या, घरातल्याच सपाता पायांत. त्यांनी शर्यत पाहिली नव्हती. पण घंटा कुणाची ते ओळखायला त्यांना डोळे लागत नव्हते. वडिलांचा रुमाल त्यांनी मुठीत धरला होता. "उद्या सकाळी दफनभूमीत जाते," म्हणाल्या. "सांगायला हवं."

रात्रभर ढोल वाजले. मोठमोठी माणसे तोंडात लहान मुलांची चोखणी घालून हिंडत होती. जिंकणारी पेठ नव्याने जन्मते म्हणे. 'आजी'चे पद त्याच संध्याकाळी १९९२ नंतर न जिंकलेल्या गरुड पेठेकडे गेले. पुढे ऑगस्टातही त्याच घोडीने लांडगिणीला पुन्हा जिंकून दिले, ते मला मायदेशी कळले.

या आनंदाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून लिहिणे बरे नव्हे. उताराच्या एका अवघड वळणावर भिंतीला गाद्या बांधतात. त्या उगीच नव्हेत. घोडे तिथे आपटतात, काही दगावलेही आहेत. प्राणिमित्र दरवर्षी विरोध करतात. आता पशुवैद्य घोडे तपासतात, नाजूक पायांच्या शुद्ध जातीऐवजी मिश्र जातीचे घोडे निवडतात. बाईंना मी हे विचारले, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "घोडा पडला की गल्लीत चूल पेटत नाही," म्हणाल्या. हे उत्तर पुरेसे आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यती २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवल्या आणि २०२३ साली घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा कायदा ग्राह्य धरला. त्या नऊ वर्षांत दोन्ही बाजूंनी जे बोलले गेले, तेच सिएनातही बोलले जाते. ज्याचे जनावरावर खरे प्रेम आहे, त्यालाच हा प्रश्न अधिक टोचला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी यजमान माहेराहून परतले. चेहरा मयताहून आल्यासारखा. वैऱ्याच्या जयाने भरलेली गल्ली ओलांडून यायचे म्हणजे थोडे धैर्य नव्हते. बाईंनी कपाळावरचा जय पुसून टाकावा तसा चेहरा केला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला हळूच म्हणाल्या, "आज त्याच्या आवडीचं करते. हरलेल्या माणसाला पोटभर जेवू घालावं." सतरा पेठा एवढी वर्षे भांडत असूनही गाव एक कसे राहिले, याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही.

२०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पालिओ झाला नाही. त्याआधी असे झाले होते ते दोन महायुद्धांत. २०२० च्या ऑगस्टात बाईंचे पत्र आले. इकडे आमचे गणपतीही त्या वर्षी मिरवणुकीविना जागच्या जागी बुडाले होते. त्यांनी लिहिले होते की चौकात माती पडली नाही, यजमान चार दिवस घरीच आहेत, आणि दोघांनाही ते मुळीच आवडलेले नाही. २०२२ साली शर्यत पुन्हा सुरू झाली. त्या जुलैत त्यांचे एका ओळीचे पत्र होते. यजमान बॅग भरून भावाकडे गेले आहेत, आता सगळे ठीक आहे.